आकडेमोड कुणाची?

इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये छापलेला निबंध जेमतेम दहा पानांचा होता. खांब-तुळया एकमेकांत पक्क्या बांधलेल्या असल्या की एका सांध्यावरचा भार सगळीकडे पसरतो. कुणाच्या वाट्याला किती आलं हे काढायला तोवर ढीगभर समीकरणं एकदम सोडवावी लागत. क्रॉसनी ते काम साध्या बेरीज-वजाबाकीवर आणलं.

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात ही रीत आप्पांबरोबर आली. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. साठच्या दशकात ते बोटीने मुंबईला गेले आणि बी अँड सी, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात लागले. सुट्टीला आले तरी ट्रंकेत स्लाइड रूल असायचाच, असं आजी सांगायची. त्यांचा एक पिवळा पडलेला कागद माझ्याकडे आहे. प्रत्येक सांध्याखाली पेन्सिलीने लिहिलेला आकड्यांचा उभा रकाना. न जुळणारा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, तुळयांच्या कडकपणाच्या प्रमाणात वाटायचा, खाली रेघ ओढायची, वाटलेल्याचा निम्मा पलीकडच्या टोकाला पाठवायचा, की पुन्हा वाटप. चार-पाच फेऱ्यांत आकडे बारीक होत संपतात. एका ठिकाणी वजाचं चिन्ह राहून गेलेलं तपासणाऱ्याने तांबड्या शाईत पकडलं आहे. पकडता आलं, कारण सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. आणि या रीतीसाठी कुणी क्रॉसना दमडी दिली नव्हती.

संगणकांच्या गोष्टीही आप्पांच्याच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिथेच घडवलेला टिफ्रॅक १९६० मध्ये चालू झाला. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला आणि देशभरातल्या संस्था आपापली गणितं घेऊन तिथे येऊ लागल्या. आप्पांचे एक स्नेही छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन जात. गठ्ठा हातून सुटला तर क्रम लावण्यातच सकाळ जाई.

त्याच सुमारास अमेरिकेत नासाने विमानं-रॉकेटांच्या ताकदीचं गणित करायला नॅस्ट्रान हा प्रोग्राम लिहवून घेतला. १९६८ मध्ये तो हाती आला. लिहिणाऱ्यांपैकीच मॅकनील-श्वेंडलर कंपनीने पुढे आपली सुधारित आवृत्ती विकायला काढली. १९९९ मध्ये तिने नॅस्ट्रान विकणाऱ्या दोन स्पर्धक कंपन्याही विकत घेतल्या. अखेर व्यापार आयोग मध्ये पडला आणि २००२ च्या तडजोडीत प्रोग्रामची प्रत दुसऱ्यांना देणं तिला भाग पडलं. लोकांच्या पैशातून जन्मलेल्या गणितावर ही पाळी यावी, याचा मला मनापासून राग येतो.

बर्कली विद्यापीठाची वाट वेगळी. तिथल्या एडवर्ड विल्सन यांनी १९७० मध्ये सॅप हा तसाच प्रोग्राम लिहिला. १९७३ चं सॅप-४ विद्यापीठ मूळ कोडसकट नाममात्र किमतीत देत असे. प्रोग्रामला अक्कल नसते, उत्तराची जबाबदारी इंजिनिअरची, असं विल्सननी सुरुवातीलाच बजावलं होतं. पण जबाबदारी घ्यायची तर आत काय चाललंय ते दिसायला नको का?

आम्हा इंजिनिअरांची पिढी स्टॅड या प्रोग्रामवर वाढली. भारतीय वंशाच्या अमृत दास यांच्या कॅलिफोर्नियातल्या रिसर्च इंजिनिअर्स कंपनीचं हे अपत्य २००५ च्या अखेरीस बेंटली सिस्टिम्सकडे गेलं. आमच्या कचेरीत परवान्याचं डोंगल एकच होतं. ते ज्याच्या मशीनला, त्याचं काम पुढे. माहिती आम्ही भरायची, नकाशावर सही आमची, मधलं सगळं कुलूपबंद. ज्यांनी आयुष्याची वर्षं घालून प्रोग्राम लिहिला त्यांनी पैसे जरूर मिळवावेत. पण ज्या तुळईखाली माणसं झोपणार, तिचं गणित तरी उघडं असावं.

म्हणून पवईचं ओस्डॅग हे सॉफ्टवेअर मला फार मोलाचं वाटतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून, प्रा. सिद्धार्थ घोष यांच्या पुढाकाराने ते घडलं. आयएस ८००:२००७ या भारतीय मानकाप्रमाणे पोलादी सांध्यांचं, म्हणजे बोल्ट, वेल्ड, प्लेटचं डिझाइन ते करतं. फुकट आहे, कोड कुणीही उघडून वाचावा. अहवालात सूत्र, त्यात घातलेले आकडे, कलम, सगळं ओळीने येतं.

माझी मुलगी सिव्हिलला आहे. मे महिन्यात वेंगुर्ल्याला तिने एक सांधा त्यावर सोडवून आप्पांना उत्तर सांगितलं.

"उत्तर रवांदे बाये, आधी आकडेमोड दाखय."

तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. एम-२० चा ४.६ ग्रेडचा बोल्ट किती पेलेल: ४०० ला तीनच्या वर्गमुळाने भागायचं, २४५ चौरस मिलिमीटरने गुणायचं, १.२५ ने भागायचं. आप्पांनी कॅलेंडरच्या पाठीवर स्वतः मांडून बघितलं. ४५.३ किलोन्यूटन, जुळलं. पण त्यांचं सगळं आयुष्य वर्किंग स्ट्रेसच्या जुन्या हिशेबात गेलेलं. हा सुरक्षेचा १.२५ कुठून आणलात, यावर त्यांची नि तिची जुंपली, आणि जेवणं तशीच ठेवून ती त्यांना आयएस ८०० चं कोष्टक ५ उघडून दाखवत बसली.