लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ वाजता संपलेली दिवाळी

#थ्रेड

१/ १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजन. नवापूर तालुक्यातील विसरवाडी या सुरत–धुळे महामार्गावरील गावात त्या रात्री सण भरात होता. पाडवा आणि भाऊबीज अजून यायची होती. मात्र ‘पोकेमॉन गो’ या मोबाइल खेळातील दिवाळी रात्री ठीक आठ वाजता आटोपली. पंचांगातील सण आणि खेळातील सण यांची ही चुकामूक पहिलीच नव्हती. तिचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

२/ ‘पोकेमॉन’चा जन्म १९९६ चा, जपानमधला. लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद असलेल्या सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून तो खेळ साकारला. ६ जुलै २०१६ रोजी नियँटिक या अमेरिकी कंपनीने ‘पोकेमॉन गो’ आणला आणि प्राणी पकडण्याचा हा खेळ खऱ्या रस्त्यांवर उतरला. खेळाडूने चालायचे, नकाशावर उमटणारे प्राणी पकडायचे आणि देवळे, पुतळे, चौक अशा ‘पोकेस्टॉप’वरून साहित्य गोळा करायचे, अशी त्याची रीत.

३/ या खेळातील पहिला हंगामी इव्हेंट हॅलोविनचा होता : २६ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २०१६. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होते. भारतात खेळ अधिकृतपणे आलेला नव्हता. आडमार्गाने तो मिळवून खेळणारे मात्र पुष्कळ होते. त्यांच्या दारात आकाशकंदील होता आणि पडद्यावर भुतांची गर्दी. खेळाच्या दिनदर्शिकेत दिवाळीला तेव्हा जागाच नव्हती.

४/ खेळ पोहोचण्याआधी वाद पोहोचला. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. खेळातील अंडी देवळांच्या ठिकाणी मिळतात, त्यामुळे धार्मिक भावना दुखावतात, असा एक आक्षेप होता. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. म्हणजे हा वाद विसरवाडीच्या शेजारच्याच राज्यातला. डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या साहाय्याने खेळ अधिकृतपणे भारतात आला आणि रिलायन्स डिजिटलची दुकानेही पोकेस्टॉप झाली.

५/ पुढे खेळाला महिन्याची लय लाभली. जानेवारी २०१८ पासून दर महिन्याला ‘कम्युनिटी डे’ येऊ लागला. डिसेंबर २०२० पासून वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार ‘सीझन’ झाले. कोणता प्राणी केव्हा दिसेल, हे या चौकटीवर ठरू लागले.

६/ ही चौकट समशीतोष्ण देशांची आहे. ‘डियरलिंग’ नावाचे हरणासारखे पोकेमॉन ऋतूनुसार रूप पालटते. त्याची रूपे चार : वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा. पावसाळ्याचे रूप नाही. जून ते ऑगस्ट उत्तर गोलार्धात ते ग्रीष्माच्या रूपात वावरते. नवापूरच्या पट्ट्यात तेव्हा भाताच्या खाचरांत चिखलणी आणि लावणी चाललेली असते.

७/ गंमत अशी की खेळाला पाऊस ठाऊक आहे. डिसेंबर २०१७ पासून खऱ्या हवामानाचा परिणाम खेळात दिसतो. पाऊस पडला की पाण्याचे प्राणी अधिक भेटतात. घटकाभराची सर नोंदवली जाते, पण चार महिन्यांचा पावसाळा हा स्वतंत्र ऋतू मानला जात नाही. हवामान यंत्राने मोजता येते, ऋतू मात्र आधी कोणीतरी ठरवावा लागतो.

८/ आता खेळातल्या तीन दिवाळ्या पाहू.
२०२१ : लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबर, इव्हेंट ५ ते १४ नोव्हेंबर. आरंभ पाडव्याला. ‘डेडेने’ हा विजेचा उंदीर प्रथम आला.
२०२२ : लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबर, इव्हेंट १४ ते १७ ऑक्टोबर. वसुबारसेच्या आधीच समाप्ती. नवा प्राणी ‘मोरेलल’, चमकणारी अळंबी.
२०२३ : लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबर, इव्हेंट ७ ते १२ नोव्हेंबर. नवा प्राणी ‘टॅडबल्ब’, दिव्यासारखा बेडूकमासा.

९/ हॅलोविन दरवर्षी ३१ ऑक्टोबरलाच येतो. दिवाळी चांद्र तिथीवर चालते. बारा चांद्रमासांचे वर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून सण दरसाल मागे सरकतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता; त्यामुळे दिवाळी आदल्या वर्षीपेक्षा १९ दिवस उशिरा आली.

१०/ होळीचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२३ चा ‘फेस्टिव्हल ऑफ कलर्स’ ८ ते १४ मार्च असा होता. उत्तर भारतात अनेक ठिकाणी ८ मार्चला रंग खेळला गेला. महाराष्ट्रात होळी ६ मार्चला पेटली आणि ७ मार्चला धुळवड झाली. म्हणजे आपली धुळवड एका दिवसाने हुकली. १२ मार्चची रंगपंचमी तेवढी इव्हेंटच्या मुदतीत आली.

११/ खुद्द नंदुरबार जिल्ह्यातही होळी एकाच दिवसाची नसते. सातपुड्यात वेगवेगळ्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. कमरेला घुंगरू आणि डोईवर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या रात्रभर नाचतात. एका तारखेला सर्व जगाची होळी मांडणाऱ्या दिनदर्शिकेत ही रीत बसवायची कुठे?

१२/ असे पेच नवे नाहीत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईने तिला विरोध केला आणि शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिला. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. तरी घरोघरचे सण जुन्या पंचांगानेच चालले. एक वेळ, एक तारीख ही सोय खरी. पण ती नेहमी कोणाच्या तरी तारखेवर बेतलेली असते.

१३/ सप्टेंबर २०२३ मध्ये खेळ हिंदीत आला आणि आठशेहून अधिक पोकेमॉनची नावे देवनागरीत वाचता येऊ लागली. मराठी त्या यादीत नव्हती. मावची, भिली, कोकणी या विसरवाडीच्या परिसरातील बोलींचा तर विचारही दूर. तरीही २०१६ च्या तुलनेत हे अंतर पुष्कळ कापले गेले, हे मान्य करावे लागेल.

१४/ या भागात दिवाळीला आणखी एक अर्थ आहे. सण आटोपला की जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्या वर्षाचे दोनच मोठे भाग : गावात असण्याचा आणि नसण्याचा. या स्थलांतरावर शाळेचे वर्ष, लग्ने आणि मतदानही अवलंबून असते. चार सीझनच्या चौकटीत या ऋतूला नाव नाही. सरकारी दिनदर्शिकेतही नाही.

१५/ म्हणून खेळाचे वेळापत्रकसुद्धा इतिहासाचे साधन ठरते. कोणता सण त्यात कोणत्या वर्षी आला, किती दिवस टिकला, कोणत्या प्रदेशाच्या तिथीवर बेतला गेला, यावरून कोणाची दखल केव्हा घेतली गेली ते कळते. पुढचा इव्हेंट जाहीर झाला की भिंतीवरचे कालनिर्णय उघडून दोन्ही तारखा शेजारी लिहून ठेवाव्यात. दहा वर्षांनी ती यादी अभ्यासकाच्या कामी येईल.

#थ्रेड_समाप्त