लिन्सखोटेन व आरंभींचे डच नकाशे

पूर्व समुद्राचे आरंभींचे डच नकाशे डच खलाशांच्या स्वतःच्या पाहणीवरून उतरले, हा समज आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा आर्चबिशपाचा चिटणीस म्हणून १५८३ त गोव्यास आला व सुमारें पांच वर्षें राहिला. पोर्तुगीज दर्यावर्दी जीं मार्गवर्णनें परक्यांपासून जपत, तीं मिळवून त्यानें १५९५ त आम्स्टरडाम येथें छापविलीं. त्याच वर्षीं जावाकडे निघालेल्या हाउटमानच्या चार जहाजांस तींच उपयोगी पडलीं! नकाशांसह त्याचा ‘इटिनेरारियो’ हा ग्रंथ १५९६ त निघाला. त्यांतील गोवें शहराचा नकाशा कापून सुटा विकण्याची व्यापाऱ्यांची खोड जुनी आहे. संग्राहकांनीं अखंड प्रतच पाहावी. शहरांतील बाजाराचें व वस्तीचें वर्णन मजकुरांत आहे.