चंचल मूल, आश्रमशाळा आणि दूरचे घर

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण इथल्या मुलांच्या शिक्षणाची घडण त्याहून बरीच जुनी आहे. ठक्करबाप्पांनी 1922 मध्ये आजच्या गुजरातमधल्या पंचमहालात, दाहोदला, भील सेवा मंडळ स्थापन केले आणि पुढे आश्रमशाळेची कल्पना भिल्ल मुलखात रुजली. पाड्यापाड्यावर शाळा नेता येत नसेल, तर पाड्यावरचे मूल शाळेत आणून ठेवायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हीच वाट धरली. आज ती इथे नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांमार्फत चालते. अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरात कितीतरी घरांतला पहिला साक्षर माणूस या शाळांनी घडवला, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र या रचनेत घर वर्षातले बरेच महिने बाजूला पडते. एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, असलेल्या मुलाला त्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

कारण या अवस्थेचे निदान आणि उपचार दोन्ही घराशी बांधलेले आहेत. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली अशा मुलांवर व्याख्याने दिली. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात 1968 मध्ये तिला अतिचंचलतेचे, 1980 मध्ये अवधानाच्या कमतरतेचे आणि 1987 मध्ये आजचे नाव मिळाले. 2013 च्या निकषांनुसार लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून आणि किमान दोन ठिकाणी, उदाहरणार्थ घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. उपचारातही आईवडील आहेतच: एका वेळी एकच सूचना, दिवसाचा ठरलेला क्रम, चांगल्या वागण्याची लगेच दखल. अमेरिकेत 1960-70 च्या दशकांत उभी राहिलेली ही पालक-प्रशिक्षणाची पद्धत मूल रोज संध्याकाळी घरी येते असे धरून चालते. इथे ते येते दिवाळीला, होळीला आणि उन्हाळ्यात. वसतिगृहाच्या अधीक्षकाला ते शेकडो मुलांच्या गर्दीतले एक वांड पोर म्हणून दिसते, आईला सणाच्या चार दिवसांचे. कित्येक आईबाप तर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघून गेलेले असतात. निदानाला लागणाऱ्या दोन साक्षी इथे एकमेकींना भेटतच नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा की, काठी गावच्या होळीत रात्रभर नाचणारे किंवा दिवसभर शेळ्यांमागे डोंगर चढणारे मूल आजारी कसे? दोष बाकाचा आहे. यात तथ्य आहेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, ती शाळेनेही थोडे हलावे म्हणूनच. परंतु ज्याला खरेच एडीएचडी आहे त्याला शेळ्या राखतानाही कामाचा विसर पडतो, आणि मोठेपणी मजुरीचे पैसे किंवा मोटारसायकलचा वेग सांभाळताना तीच अडचण अनेकदा पुन्हा उभी राहते. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठीच कळत नसेल, तर त्याचे लक्ष उडणारच. रक्तक्षय, सिकलसेल, कमी ऐकू येणे यांनीही ते उडते. आदिवासी मुलांवर आणखी एक शिक्का नको, ही भीती रास्त आहे. रक्त आणि कान तपासता येतात, पण घरच्या बोलीतही लक्ष उडते का हे सांगू शकते ती आईच, तिच्या बोलीत विचारले तर. म्हणजे हा आक्षेपही घराला शाळेत बोलवा, असेच सांगतो.

सरकारच्या कागदावर या मुलांची नोंद झाली ती उशिरा. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस अवस्थांच्या यादीत एडीएचडी आहे. त्याचे तपासणी पथक वर्षातून एकदा तरी शाळेत यावे अशी रचना आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत मात्र विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. नंदुरबारला 2020 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण घरची साक्ष मिळवायची तर तपासणीचा दिवस पालक शाळेत येतात त्या दिवसाशी, जूनच्या प्रवेशाशी किंवा दिवाळीच्या सुट्टीशी, जोडला पाहिजे; घरची हकिगत आशाताईंनी पाड्यावर जाऊन, तिथल्या बोलीत लिहून आणली पाहिजे; आणि आईला शिकवायची तीच रीत अधीक्षकालाही शिकवली पाहिजे, कारण दहा महिने संध्याकाळचे घर तोच असतो. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो. बारावी होऊन किंवा अर्ध्यावर शाळा सोडून मुलगा पाड्यावर परततो, तेव्हा ज्या आईवडिलांना आजवर कुणी काही विचारले नव्हते, त्यांच्याच हाती तो पुन्हा येतो.