बरणीतला साप : साप सांभाळण्याचा इतिहास काय सांगतो?

पाऊस स्थिरावला, भाताच्या लावण्या सुरू झाल्या, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांत एक प्रसंग हमखास घडतो. शाळा माहुलीच्या पायथ्याची असो की माळशेज घाटाखालची, एखादा विद्यार्थी प्लॅस्टिकची बरणी घेऊन वर्गात येतो. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली असतात. आत वेटोळे करून बसलेली नानेटी किंवा दिवड असते. "सर, हा बिनविषारी आहे. आपण शाळेत पाळूया का?"

शिक्षकांपुढे पेच उभा राहतो. 'फेकून दे' म्हणावे तर मुलाच्या जिज्ञासेवर पाणी पडते. 'ठेव' म्हणावे तर कायदा मोडतो आणि धोकाही पत्करावा लागतो. सापांविषयी बोलायला आम्ही शाळांत जातो तेव्हा हा प्रश्न आम्हांलाही विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ 'नाही' असे देऊन भागत नाही. माणसाने आजवर साप का ठेवले, कसे ठेवले आणि त्यातून तो काय शिकला, हे पाहिले तर उत्तर आपोआप पुढे येते.

गारुड्याची टोपली

आपल्याकडे जिवंत साप जवळ बाळगणारा सर्वांना माहीत असलेला माणूस म्हणजे गारुडी. बांबूची चपटी टोपली, त्यात नाग आणि हातात पुंगी. नागाला बाहेरून दिसणारा कान नसतो. जमिनीतून येणारी कंपने त्याला जबड्याच्या हाडांमार्फत जाणवतात, आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही सापांना काही प्रमाणात कळतात, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. पण टोपलीतला नाग डोलतो तो सुरांवर नव्हे. समोर हलणाऱ्या पुंगीवर तो नजर ठेवून असतो. फणा काढणे हा त्याचा नाच नसून बचावाचा पवित्रा आहे.

हे गारुड्याला चांगले ठाऊक असे. नाग किती अंतरावरून झेप घेईल, कधी मवाळ असेल, हे तो अनुभवाने ओळखी. परंतु रोज हाताळायचा म्हणून तो नागाचे विषदंत तोडी. हे दात पुन्हा उगवतात, म्हणून पुन्हा तोडावे लागत. काही वेळा तोंडही शिवले जाई. जखमा चिघळत, सापाला भक्ष्य गिळता येत नसे. नागपंचमीला तो दूध पितो असे दिसे, याचे कारण भक्ती नव्हे, तहान. अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला साप समोर येईल तो द्रव पितो. दूध हे त्याचे अन्न नाही. असा साप फार दिवस जगत नसे; तो मेला की दुसरा पकडला जाई. म्हणजे साप 'पाळला' असे आपण म्हणत होतो, प्रत्यक्षात तो हळूहळू मरत होता.

मुंबईतले अभ्यासक

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी तिचा संग्रह एच. एम. फिप्सन या सभासदाच्या मद्यविक्रीच्या दुकानातील एका खोलीत हलला. तेथे सापांची ओळख पटवण्याचे शास्त्र वाढीस लागले. या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या फ्रँक वॉल यांच्या विषारी सापांवरील पुस्तकाने खवल्यांची रचना पाहून साप ओळखण्याची रीत रूढ केली.

ही रीत आजही महत्त्वाची का आहे, हे आपल्या परिसरातल्या एका जोडीवरून समजते. मण्यार अतिशय विषारी, तर कवड्या बिनविषारी. दोघांच्याही गडद अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेनंतर काही अंतराने सुरू होतात आणि शेपटीकडे दाट होतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले मोठे व षट्कोनी असतात. पण हे खवले पाहायला साप किती जवळ घ्यावा लागेल? संग्रहालयातल्या स्पिरिटच्या बाटलीत ही ओळख सोपी असते. हातात वळवळणाऱ्या सापाच्या बाबतीत चूक एकदाच होते. बरणी आणणाऱ्या मुलाच्या 'बिनविषारी आहे' या वाक्यावर शिक्षकांनी विसंबू नये, ते यासाठीच.

परळची प्रयोगशाळा

साप सांभाळण्याची खरी शास्त्रीय गरज निर्माण झाली ती प्रतिविषामुळे. १८९१ साली फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेट सायगावला काम करत होते. पुरामुळे एका गावात नाग शिरले, अनेकांना दंश झाले, आणि पकडलेले नाग काल्मेट यांच्याकडे आले. त्यांच्या विषावर काम करून १८९५ च्या सुमारास त्यांनी प्रतिविषाचा वापर सुरू केला. घोड्याला विषाची अगदी अल्प, पण वाढत जाणारी मात्रा टोचायची. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार झाली की रक्तातून ती वेगळी काढायची. आजही मूळ तत्त्व हेच आहे.

परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. पुढे येथे सर्पविष काढणे आणि प्रतिविष तयार करणे हे मोठे काम उभे राहिले. या संस्थेत सर्पांवर काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतातील सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. माळशेजच्या झाडीत आढळणारा हिरवा चापडा या चौघांत नाही, हेही लक्षात ठेवावे.

विष काढण्यासाठी सापाचे डोके आकडीने हलकेच दाबून धरतात आणि काचपात्रावर ताणलेल्या पातळ पडद्यावर त्याला चावू देतात. प्रश्न तेवढ्या क्षणाचा नसतो, उरलेल्या दिवसांचा असतो. नवा पकडलेला साप अनेकदा खात नाही. बळजबरीने भरवले तर ओकतो. असे का होते?

याची उत्तरे सापाच्या शरीरातच आहेत. साप स्वतःची उष्णता निर्माण करून शरीराचे तापमान राखू शकत नाही. ऊन आणि सावली यांच्यात जा-ये करून तो ते साधतो. तापमान उतरले तर पचन थांबते आणि गिळलेले भक्ष्य पोटातच सडू लागते. दुसरे म्हणजे, लपायला जागा नसेल तर साप सतत धोक्याच्या छायेत असतो, आणि भेदरलेला साप शिकार करत नाही. तिसरे, भक्ष्य पोटात असताना हाताळले तर पळता यावे म्हणून तो ते बाहेर टाकतो. कात टाकण्याच्या वेळी डोळ्यांवर दुधी पडदा येतो, नीट दिसत नाही, तेव्हा तो अधिकच बिथरतो.

हे आम्ही पुस्तकातून नव्हे, आमच्या चुकीतून शिकलो. महाविद्यालयात असताना आम्ही एक धामण माशांच्या काचपेटीत ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवावी, हातात घ्यावी, याचे आम्हांला फार कौतुक. काच तिला दिसत नसे; ती पुनःपुन्हा थडका देई. आठवड्यात तिच्या तोंडाचा पुढचा भाग सोलवटून निघाला. आम्ही ठेवलेल्या बेडकाला तिने स्पर्शही केला नाही. ती मेली तेव्हा आम्हांला वाईट वाटले, पण कायदा काय म्हणतो हे विचारण्याची बुद्धी तेव्हाही झाली नाही.

इरुळांचे मडके

साप कसा ठेवावा याचा भारतातला एक चांगला धडा तमिळनाडूतील इरुळा आदिवासींनी दिला. पूर्वी ते कातड्यासाठी साप पकडत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७६ ची कातड्यांच्या निर्यातीवरील बंदी यांनी तो धंदा बंद झाला. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली चेन्नईजवळ इरुळांची सहकारी संस्था स्थापन झाली. ते परवान्याने साप पकडतात, तळाशी वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यात ठेवतात आणि तोंडाला कापड बांधतात. मडक्यात अंधार, गारवा आणि आडोसा तिन्ही मिळतात. सुमारे महिनाभरात ठरावीक अंतराने चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि साप सोडून देतात. खूण असलेला साप लवकरच पुन्हा सापडला तर त्याला पुन्हा वापरत नाहीत.

गारुड्याचा नाग दिवसभर हाताळला जाई. इरुळांचा नाग महिन्यात चारदा, तोही कामापुरता. सापाविषयीचे ज्ञान वाढले तसे त्याला हात लावणे कमी होत गेले.

महाराष्ट्रात या विषयाकडे लोकांचे लक्ष वेधले ते नीलिमकुमार खैरे यांनी. १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांसह काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. साप विनाकारण चावत नाही हे त्यांना दाखवायचे होते. १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले.

परदेशात आणि आपल्याकडे

युरोप-अमेरिकेत बॉल पायथॉन, कॉर्न स्नेक असे पिंजऱ्यातच पैदास केलेले साप लोक घरी ठेवतात. तिथले जाणकार नव्या माणसाला काय सांगतात? पेटीचे एक टोक उबदार, दुसरे थंड ठेवा. लपायला जागा आणि पाणी द्या. पहिला आठवडाभर हात लावू नका. साप नियमित खाऊ लागला की मगच काही मिनिटे हातात घ्या, अंगाला खालून आधार द्या, खाल्ल्यानंतर दोन दिवस आणि कात टाकताना हाताळू नका. एवढे करूनही साप माणसाळत नाही. त्याचे भय कमी होते, इतकेच.

आपल्याकडचा एकही साप असा घरी किंवा शाळेत ठेवता येत नाही. १९७२ च्या कायद्याने ते गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि परदेशी प्रजातींच्या नोंदणीची तरतूदही तिच्यात आहे. तरीही मांडूळ 'पाळले' जाते. त्याची बोथट शेपटी डोक्यासारखी दिसते, म्हणून 'दुतोंड्या' सापाने धन मिळते अशी भोंदूगिरी चालते. ठाणे जिल्ह्यातही मांडूळ विकायला आलेल्यांना अटक झाल्याच्या बातम्या येत असतात. भुसभुशीत मातीत राहून उंदीर खाणारा हा गरीब प्राणी शेतकऱ्याचे खरोखरच धन राखतो, पण शेतात असताना.

मग बरणीचे काय करायचे?

मुलाला रागावू नये. बरणी कुणालाही उघडू देऊ नये. ती सावलीत, मुलांपासून दूर ठेवावी. वनविभागाला किंवा त्यांच्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला कळवावे. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. साप सापडला त्याच परिसरात सोडला जातो तेव्हा त्या मुलाला दुरून पाहू द्यावे. वहीत नोंद करून घ्यावी : कुठे दिसला, कोणत्या वेळी, जवळ पाणी होते का, उंदरांची बिळे होती का. एका पावसाळ्यात वर्गाकडे गावाच्या सापांचा छोटा अभ्यास जमा होतो, आणि त्यासाठी एकही साप पकडावा लागत नाही.

दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांतले काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ साली जाहीर झाला आहे. त्यात शाळेचा वाटा मोठा आहे. बरणी घेऊन आलेला मुलगा पुढच्या वर्षी रिकाम्या हाताने येऊन "सर, विहिरीजवळ दिवड पाहिली, लिहून ठेवू का?" असे विचारू लागला, की आपल्या वर्गाने तो उचलला असे समजावे.