चांदणी चौक : पादचाऱ्याचा राजमार्ग

दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजाकडे पाठ करून पश्चिमेस निघालें, म्हणजे फत्तेपुरी मशिदीपर्यंत जो सरळ रस्ता जातो, तो चांदणी चौक. शहाजहान बादशहानें नवी राजधानी वसविली, आणि १६५० च्या सुमारास त्याची कन्या जहाँआरा हिनें हा बाजार आंखविला. मधोमध कालवा, दुतर्फा झाडें व दुकानें, आणि मोठ्या चौकांत एक जलाशय. त्यांत चांदणें पडे, म्हणून हें नांव मिळालें असें सांगतात.

बाजार म्हटला कीं क्रयविक्रय डोळ्यांपुढें येतो. पण ह्या रस्त्यानें याहून पुष्कळ अधिक पाहिलें आहे. १६७५ त गुरु तेगबहादुरांचा शिरच्छेद येथें झाला; शीशगंज गुरुद्वारा त्याची साक्ष देतो. १७३९ त नादिरशहा येथील सुनहरी मशिदींत बसून राहिला, आणि त्याच्या फौजेनें शहरांत कत्तल केली. आम्हां महाराष्ट्रीयांची एक खूणही येथें आहे : गौरीशंकराचें मंदिर मराठा सरदार आपा गंगाधर यानें १७६१ त बांधविलें, अशी परंपरा आहे. १९१२ त व्हाइसरॉय हार्डिंज हत्तीवरून मिरवत जात असतां त्याच्यावर बाँब पडला, तोही ह्याच रस्त्यावर.

काळ बदलला तसा रस्त्याचा मध्यही बदलला. कालवा झांकला गेला. जलाशयाच्या जागीं घड्याळाचा मनोरा उभा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तोही ढासळला. १९०८ त ट्राम आली. ती गेल्यावर मोटारींनीं रस्ता व्यापला. पाणी असो, हत्ती असो कीं मोटार असो, पायीं चालणाऱ्याच्या वांट्यास मात्र कडच आली.

सप्टेंबर २०२१ मध्यें सुमारें १३०० मीटर लांबीचा हा मार्ग तांबड्या दगडांनीं मढवून लोकांस खुला करण्यांत आला, व दिवसा मोटारींस मनाई झाली. माल कसा यावा, वृद्ध गिऱ्हाइकानें कसें यावें, ही व्यापाऱ्यांची चिंता कांहीं खोटी नव्हे. हातगाडी ओढणाऱ्या हमालासही पोट आहे. नियम लिहिणें सोपें, पाळणें कठीण. तथापि ज्या रस्त्यानें पावणेचार शतकें बादशहांच्या व लाटसाहेबांच्या स्वाऱ्या पाहिल्या, त्याचा मध्य अखेर साध्या पादचाऱ्यास देऊं केला गेला, ही गोष्ट इतिहासांत लहान नाहीं. ती टिकविणें हें मात्र आपल्या पायांचें काम आहे.