स्टीव्हबाईंची कंपनी

वर्क फ्रॉम होम म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं. इंग्लंडमधल्या स्टेफनी शर्लीबाईंनी मात्र १९६२ सालीच घरबसल्या प्रोग्रॅमिंगची कंपनी काढली होती. भांडवल ६ पौंड! तेव्हा मूल झालं की बायकांची नोकरी सहसा सुटायचीच. बाईंनी नेमक्या अशाच प्रोग्रामर बायका हेरल्या. घरच्या टेबलावर कागद-पेन्सिलने कोड लिहायचा, पुन्हापुन्हा तपासायचा आणि पोस्टाने पाठवायचा. पंच होऊन मशीनवर चढेपर्यंत चूक कळणार नाही. (आपल्याला जमेल का हो?)

गिऱ्हाईकं बाईच्या पत्राला उत्तरच देईनात. मग नवऱ्याने सुचवलं म्हणून 'स्टीव्ह' अशी सही केली, आणि कामं यायला लागली. फोनवर पोरांचा गोंधळ ऐकू जाऊ नये म्हणून मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप! काँकॉर्डच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच बायकांनी घरून केलं.

पहिल्या ३०० जणांत पुरुष अवघे ३. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यामुळे पुढे पुरुषांनाही घ्यावं लागलं, ही एक गंमतच. पण मला खरं मोठं वाटतं ते वेगळंच. बाईंनी कंपनीची मालकी हळूहळू कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. १९९६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. या मालकीतून ७० जण मिलियनेअर झाले. पौंडांत हं, रुपयांत नाही.