जपानच्या हिमप्रदेशातील ऱ्योकान

ऱ्योकान हे पारंपरिक जपानी पद्धतीचे निवासगृह होय. तातामी (भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया) अंथरलेल्या खोल्या, जमिनीवर घातली जाणारी फुतोन ही गादी, सामायिक स्नानगृह आणि भाड्यातच धरलेली दोन जेवणे ही त्याची ठळक लक्षणे आहेत. होन्शू बेटावरील नागानो, निइगाता, यामागाता इत्यादी प्रांतांच्या डोंगराळ भागात अनेक ऱ्योकान उष्णोदकाच्या झऱ्यांभोवती (ओन्सेन) वसलेल्या गावांत आहेत. यांपैकी बरीच गावे विसाव्या शतकात स्कीइंगची केंद्रे बनली. त्यामुळे एका रात्रीच्या पाहुण्यासाठी घडलेली ही व्यवस्था आठवडाभर राहणाऱ्या पाहुण्यालाही सामावून घेऊ लागली.

== पार्श्वभूमी ==
हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपान समुद्रातील उबदार सुशिमा प्रवाहावरून वाहताना बाष्प शोषून घेतात आणि होन्शूच्या पर्वतरांगांना अडून ते हिमरूपाने खाली टाकतात. नागानो प्रांताच्या उत्तर टोकावरील मोरिमियानोहारा रेल्वे स्थानकावर १२ फेब्रुवारी १९४५ रोजी ७.८५ मीटर उंचीचा बर्फाचा थर नोंदवला गेला. अशा प्रदेशाला जपानी भाषेत 'युकिगुनी' म्हणजे हिमप्रदेश म्हणतात. नोबेल पारितोषिक विजेते लेखक यासुनारी कावाबाता यांच्या कादंबरीचे नावही तेच आहे. निइगाता प्रांतातील युझावा येथील ताकाहान या ऱ्योकानमध्ये राहून त्यांनी तिचे लेखन केले.

ऱ्योकानच्या मागे दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. पहिली एदो काळातील महामार्गांवरच्या 'हातागो' या धर्मशाळावजा खानावळींची. प्रवासी संध्याकाळी येई, जेवून झोपे आणि सकाळी न्याहारी करून पुढच्या मुक्कामाला निघे. 'एक रात्र, दोन जेवणे' हा आजही रूढ असलेला हिशेब त्याच सोयीतून आला. दुसरी परंपरा 'तोजी'ची, म्हणजे औषधी पाण्यात स्नानासाठी केलेल्या दीर्घ मुक्कामाची. शेतीची कामे आटोपल्यावर शेतकरी आठवडा-दोन आठवडे झऱ्याच्या गावी जाऊन राहत आणि बहुधा स्वतःच स्वयंपाक करीत. स्कीसाठी येणारा पाहुणा वागण्याने दुसऱ्या परंपरेच्या जवळचा आहे, परंतु ज्या घरात तो उतरतो त्याचे वेळापत्रक पहिल्या परंपरेचे असते. या मुक्कामात येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत सापडते.

== स्कीइंगचे आगमन ==
जानेवारी १९११ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख यांनी निइगाता प्रांतातील ताकादा येथे जपानी सैनिकांना स्कीइंगचे पद्धतशीर शिक्षण दिले. नोझावा ओन्सेन या गावात १९२३ साली स्की मंडळ स्थापन झाले आणि १९३० साली आर्लबर्ग पद्धतीचे प्रवर्तक हानेस श्नायडर यांनी गावाला भेट दिली. १९८२ साली जोएत्सू शिंकान्सेन सुरू झाल्यावर टोकियोकरांना युझावा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतके जवळ आले. स्कीची लाट १९९० च्या दशकाच्या आरंभी शिखरावर होती. पुढे ती ओसरली, आणि देशी पाहुण्यांवर विसंबून वाढवलेल्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या.

== मुक्कामाचा दिनक्रम ==
आगमन साधारणतः दुपारी तीननंतर होते. प्रवेशद्वारापाशी (गेन्कान) पादत्राणे काढून चपला घालाव्या लागतात, आणि तातामीवर त्याही चालत नाहीत. शौचालयासाठी वेगळ्या चपला असतात. त्या घालून बाहेर येणे ही परदेशी पाहुण्यांची नेहमीची चूक आहे. स्कीचे बूट व साहित्य खोलीत नेले जात नाही. त्यासाठी तळमजल्यावर तापवलेली वाळवणीची खोली असते, आणि दमलेल्या पाहुण्यासाठी ती शोभिवंत बागेपेक्षा कितीतरी मोलाची ठरते. साहित्य स्वतः वाहून आणण्याचीही गरज नसते. यामातो या कंपनीने १९८३ साली सुरू केलेल्या खास सेवेमुळे ते घरून थेट ऱ्योकानला पाठवता येते.

खोलीत चहा व स्थानिक मिठाई ठेवलेली असते. पाहुण्याने युकाता हा सुती झगा घालावयाचा असतो. त्याची डावी बाजू उजवीवर यावी लागते. उलट पद्धत मृतदेहासाठी वापरली जाते. थंडीत त्यावर जाड कापसाळी अंगरखा मिळतो. घराचा कारभार 'ओकामी' म्हणजे मालकीणबाई पाहतात. बक्षिशी देण्याची प्रथा नाही आणि भाडे खोलीमागे नसून माणशी आकारले जाते.

स्नान हा मुक्कामाचा गाभा आहे. हौद अंग घासण्यासाठी नसतो. बाहेर बसून साबणाने स्वच्छ न्हाऊन, साबण पूर्ण धुऊन मगच विवस्त्र अवस्थेत पाण्यात उतरायचे असते, आणि पंचा पाण्याला लागू द्यायचा नसतो. स्त्री-पुरुषांचे हौद वेगळे असतात. काही ठिकाणी रात्री त्यांची अदलाबदल होते, म्हणून दारावरचा पडदा रोज नव्याने पाहावा. गंधकयुक्त पाण्याने चांदीचे दागिने काळे पडतात. अंगावर गोंदण असलेल्यांना काही स्नानगृहांत अजूनही प्रवेश मिळत नाही.

रात्रीचे जेवण सहा-सातच्या सुमारास ठरलेल्या वेळी मिळते. उशिरा येणाऱ्यासाठी ते थांबत नाही, कारण पदार्थ एकामागून एक ताजे वाढले जातात. जेवण सुरू असताना किंवा त्यापूर्वी सेवक खोलीत गाद्या घालून जातात. डोंगराळ भागात गोड्या पाण्यातील मासे, रानभाज्या, गरम रश्शाचे पातेले आणि लोणची असतात. भारतीय शाकाहारी प्रवाशाने येथे विशेष दक्षता घ्यावी. भाजीच्या पदार्थांतही बहुधा 'दाशी' हा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो आणि अनेक यजमानांच्या मते त्याने पदार्थ मांसाहारी होत नाही. माणशी मोजून बाजार होत असल्यामुळे आरक्षणाच्या वेळीच नेमके काय चालत नाही हे कळवावे लागते. ताटावर बसल्यावर बदल क्वचितच होतो. बौद्ध मठांच्या 'शोजिन' पाककृतीत समुद्रशेवाळ व अळंबी यांचा अर्क वापरतात, त्यामुळे मागणी करताना त्या शब्दाचा उपयोग होतो.

== नोझावा ओन्सेन ==
या गावात ऱ्योकानच्या आतील हौदांखेरीज तेरा सार्वजनिक स्नानगृहे (सोतोयु) आहेत. त्यांची मालकी कोणा व्यावसायिकाची नाही. परिसरातील कुटुंबांची 'युनाकामा' म्हणजे स्नानसोबत्यांची मंडळे ती पाळीपाळीने झाडतात व राखतात. पाहुण्यांना प्रवेश विनामूल्य आहे, दारात दानपेटी असते. पाणी अत्यंत कढत असते, आणि त्यात थंड पाणी सोडण्यापूर्वी आत बसलेल्या ग्रामस्थांना विचारणे हा शिष्टाचार आहे. ओगामा या झऱ्याचे पाणी सुमारे ९० अंश सेल्सियस असून ग्रामस्थ त्यात भाज्या व अंडी उकडतात. नोझावाना या पालेभाजीचे लोणचे गावाच्याच नावाने देशभर ओळखले जाते.

दरवर्षी १५ जानेवारीला, ऐन स्कीच्या हंगामात, येथे दोसोजिन अग्नी उत्सव होतो. ४२ वर्षांचे पुरुष लाकडी देवघरावर बसतात, २५ वर्षांचे पुरुष पायथ्याशी त्याचे रक्षण करतात आणि बाकीचे ग्रामस्थ पेटत्या मशाली घेऊन त्यावर चाल करतात. अखेरीस देवघर जाळले जाते. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधील बायथलॉन स्पर्धा याच गावात झाली. २०१५ पासून इइयामा येथे शिंकान्सेन थांबते व तेथून बसने गावी जाता येते.

== बदलते स्वरूप ==
हिमप्रदेशातील ऱ्योकान बहुधा कौटुंबिक असतात आणि पुढची पिढी शहरात गेल्यामुळे अनेक बंद पडले आहेत. परदेशी स्कीपटूंच्या, विशेषतः ऑस्ट्रेलियनांच्या येण्याने काहींना आधार मिळाला. परंतु सलग सात रात्री तेच बहुपदरी जेवण या पाहुण्यांना नको असते, आणि रोज नवा बेत रांधणे लहान घराला झेपत नाही. यावर 'हाकुशोकु बुन्री' म्हणजे निवास व भोजन वेगळे करण्याचा मार्ग पुढे आला. काही घरे केवळ न्याहारी देतात आणि पाहुणे संध्याकाळी गावातील खानावळींत जातात. जेथे अशा खानावळी पुरेशा आहेत, त्या नोझावा ओन्सेनसारख्या दाट वस्तीच्या गावांत हे जमते. एकाकी दरीतील ऱ्योकानला स्वयंपाकघर बंद ठेवता येत नाही. २०१८ साली अमलात आलेल्या कायद्यातील दुरुस्तीने हॉटेल व ऱ्योकान हे वेगवेगळे परवाने एकत्र केले आणि किमान पाच खोल्यांची जुनी अटही काढून टाकली.